रावसाहेबांना दुसऱ्यांदा पाडलं, तो पोळा

एकाच माणसाला मी एका वर्षात दोनदा हरवलं, आणि दोन्ही वेळा भर लोकांत. त्याचा मला तेव्हा आनंद झाला होता आणि आजही होतो. म्हातारपणी उगाच नरमाईचा आव आणून ‘चुकलंच हो तेव्हा’ म्हणणाऱ्यांतला मी नाही. तो माणूस पडायलाच हवा होता. मी पाडला. आणि तरीही उभ्या जन्मात मी कुणापुढे मनापासून मान झुकवली असेल तर ती त्याच्याच पुढे. हे दोन्ही एकत्र कसं जमतं असं विचारून लोक माझं डोकं खातात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड एका दावणीला बांधलेले होते तेव्हाची ही गोष्ट. सरकार नागपूरला, डिप्टी कमिशनर बुलढाण्याला, आणि आमच्या गावात रावसाहेब. ही पदवी त्यांना सरकारनं दिलेली. त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे, त्यांची बायकोसुद्धा ‘रावसायेब जेवले का’ असंच विचारायची. शिवारातली काळी, कसदार जमीन बरीचशी त्यांची. तालुक्याला त्यांचा कापसाचा जिन होता. सरकारवर त्यांची इतकी भक्ती की कुणी परदेशी कापडाच्या होळीची गोष्ट काढली की ते भडकून म्हणायचे, ‘जाळाले कापूस कोनाचा गेला बे? तुह्याच बापाचा गेला ना?’ मला त्यांचा असा राग यायचा की त्यांची दमणी, ती हलकी बैलगाडी, समोरून आली की मी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालायचो.

तालुका लोकल बोर्डाची निवडणूक लागली आणि रावसाहेब नेहमीप्रमाणे उभे राहिले. त्यांचं म्हणणं एकच : बोर्डाचा पैसा सडकेवर घाला. पावसाळ्यात आमचा रस्ता म्हणजे नुसता रेंदा, गाड्या आखापर्यंत रुतायच्या. सडक हवी होती, ते खोटं नव्हतं. पण सडक नेमकी जाणार कुठं? त्यांच्या जिनापर्यंत! आणि इकडे आमच्या आयाबहिणी उन्हाळाभर नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. या बायांच्या बाजूनं उभा राहिला आमच्याच गावचा एक माणूस. मास्तरकी सोडून शेती करणारा, पांढऱ्या टोपीचा. त्याला सगळे गुरुजी म्हणत. गुरुजींचं म्हणणं, आधी विहीर. मत देण्याचा हक्क फक्त खातेदारांना. माझे वडील वारल्यावर जमीन माझ्या नावावर चढली होती, म्हणून मलाही मत होतं. माझ्या मायला नव्हतं. ती म्हणायची, ‘पानी मी भरून राह्यली, न मत तू देऊन राह्यला. वा रे तुमचं बोर्ड!’

गुरुजींना भाषण करता येत नसे. ते शिकवायचे. सभेत फळा नसल्यामुळे त्यांची पंचाईत व्हायची. मग ते काम माझ्याकडे आलं, कारण मला झडत्या जुळवता येत. पोळ्याला आमच्याकडे बैल तोरणाखाली उभे करून जे टोमणे यमक जुळवून म्हणतात, त्या झडत्या. मी त्या पोळ्याची वाट न पाहता भर उन्हाळ्यात सुरू केल्या. चावडीवर, बाजारात, धाड गावच्या आठवडी बाजाराला जाणाऱ्या गाड्यांतून. लोक त्या पाठ करून घरी न्यायचे. रावसाहेबांच्या प्रत्येक सभेत कुणीतरी मागून माझी ओळ फेकायचं आणि सभा हसायची. माझी छाती फुगलेली असायची, खोटं कशाला बोलू?

आणि पडले की रावसाहेब! चांगले सणसणीत पडले. तालुक्याच्या कचेरीबाहेर आम्ही गुलाल उधळत होतो, गुरुजींना मी खांद्यावर घेतलं होतं. तेवढ्यात रावसाहेब आतून बाहेर आले. मला वाटलं, आता हा माणूस दमणीत बसून तोंड लपवून पळणार. तर कसलं काय! ते सरळ आमच्यात घुसले, गुरुजींना खाली उतरवायला लावलं, त्यांचा हात धरला आणि तिथंच गुलालात उभं राहून पुन्हा सडक समजावून सांगू लागले. किती खडी लागेल, पूल कुठं पडेल. पडलेला माणूस प्रचार करत होता, बाप्पा! गुरुजी बिचारे ‘हो, हो’ म्हणत होते. मी चिडून ओरडलो, ‘रावसायेब, संपलं आता!’ त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जी गंमत झाली तिनं मात्र माझं तोंड कडू झालं. रावसाहेबांचे एक कारभारी होते. जमिनीचं, जिनाचं सगळं तेच पाहत. निवडणुकीत त्यांनी आमच्या माणसांना धमक्या दिल्या होत्या, आमच्या सभेवर गुरं सोडली होती. ते कारभारी सकाळी सकाळी पांढरी टोपी घालून गुरुजींच्या ओट्यावर हजर! मागोमाग आणखी काही जण. गुरुजींना वाटलं, मनं पालटली. मला वाटलं, टोप्या पालटल्या. पण जिंकलेल्या माणसाच्या ओट्यावर गर्दी वाढली की त्याला बरंच वाटतं, आणि मलाही वाटलं असेल.

पोळा जवळ आला तसं कारभाऱ्यांनीच पिल्लू सोडलं. तोरणाचा मान पिढ्यान् पिढ्या रावसाहेबांच्या घराचा. त्यांची जोडी पहिली जाऊन तोरण तोडायची, मग त्याच वाटेनं गावाच्या जोड्या. कारभारी म्हणाले, ‘बोर्ड आपलं, मेंबर आपला, मंग तोरन त्याईचं काऊन? ज्यानं पाडलं त्यानंच पहिली जोडी न्यावी.’ आणि माझ्याकडे बोट केलं. आता सांगतो, मला मोह झाला. माझी जोडी होतीच तशी. एक तांबडा, एक पांढरा, दोन्ही माझ्या हाताखाली गोऱ्ह्याचे बैल झालेले. मी भर चावडीत बोलून गेलो, ‘यंदा पहिली जोडी माह्यी. नाही तं गावात दोन तोरनं लागतीन.’

दोन तोरणं म्हणजे गाव फुटलं. ज्या गावांत एकदा दोन पोळे झाले तिथं पुढं लग्नाच्या पंगतीही दोन होतात. माय तर माझ्यावर तुटून पडली. ‘मेल्या, इहीर खनाले निवडून देल्लं तुमाले, का गाव खनाले?’ पण शब्द तोंडातून गेला होता. मागं घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. आजही नाही.

पोळ्याच्या आदल्या, खांदेमळणीच्या दिवशी, सूर्य मावळतीला आला असताना, माय बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळत होती आणि मी घुंगरांच्या माळा ओवत होतो. अंगणात कुणी तरी आलं म्हणून वर पाहिलं तर रावसाहेब. एकटे, पायी. मायनं घाईनं पदर सावरला. मी उठलो नाही. ते माझ्या तांबड्याजवळ गेले, त्याच्या मानेखाली हात घातला, वशिंडावर थाप मारली.

‘जोडी मान घेन्यासारखी हाय,’ ते म्हणाले. ‘तोरनं मात्र दोन बांधाची नाही. गाव एक, तोरन एक.’

‘मंग मान सोडा,’ मी म्हणालो.

‘सोडीन काऊन? माह्या बापानं सोडला नाही. पन तू झडत्यानं मले पाडलं म्हनून सारा गाव सांगून राह्यला. तं उद्या आखरावर मले समोरासमोर पाड. ज्याच्या तोंडचं उत्तर सरलं तो मागं. कबूल?’

मी तर हसलोच. इंग्रजीत भाषणं ठोकणारा, कमिशनरबरोबर चहा पिणारा हा माणूस झडती म्हणणार? ‘कबूल!’ मी म्हणालो. जाताना ते मायला म्हणाले, ‘वयनी, लोनी जरा जास्त लावा. उद्या लय ऐकाचं हाय बैलायले.’ माय पदरात हसली. मला तिचा राग आला.

दुसऱ्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या त्या मोकळ्या जागेवर, जिथं गुरं जमतात, पाय ठेवायला जागा नव्हती. आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधलेलं. शिंगं हिंगुळानं लाल, पाठीवर झुली, डफड्यांचा कडकडाट. तोरणासमोर उजवीकडे माझी जोडी, डावीकडे रावसाहेबांची. त्यांचे बैल म्हातारे पण डौलदार, दरवर्षी पहिले जाऊन जाऊन त्यांना त्याची सवय झालेली. माझ्या मागं गुरुजी, कारभारी आणि आमचा सगळा पांढऱ्या टोप्यांचा जमाव. रावसाहेबांच्या मागं घरचे दोन गडी आणि आरतीचं ताट घेतलेली त्यांची बायको. बस्स. सहा महिन्यांपूर्वी ज्या माणसामागं अर्धा तालुका चालायचा, त्याच्यामागं एवढीच माणसं.

डफडी थांबली. मी कासरा मनगटाला गुंडाळला आणि सुरू केलं :

‘रावसायबाची दमनी, दमनीले घुंगरू,
झिऱ्यामंधी पानी नाही, काय पिईन वासरू?
सडक नेली जिनाकडे, मत आलं आमच्याकडे,
खुर्ची गेली बोर्डातली, आता पाहा कोनाकडे?
हर बोला, हर हर महादेव!’

उभं आखर गरजलं. टोप्या उडाल्या. कारभारी तर असे नाचले की जशी काही झडती त्यांनीच केली. मी रावसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी पागोटं नीट केलं, घसा साफ केला आणि त्यांच्या त्या जाड, सभेतल्या आवाजात म्हणाले :

‘घरोघरी हिंडलो बावा, हाव म्हनले सारे,
पेटी उघडून पाह्यली तं आत नुसते वारे!
माह्या घरच्या मानसानं बी देल्लं नाही मत,
बैलायले मत असतं तं तेही गेले असते पलटत!’

आधी कुणाला कळेना की हसावं की नाही. मग माझी माय हसली. मोठ्यानं! आणि मग सगळा गाव फुटला. माणसं पोट धरून खाली बसली. ‘माह्या घरच्या मानसानं’ म्हणताना त्यांनी कारभाऱ्यांकडे नुसतं पाहिलं होतं, एवढंच. पण रावसाहेब थांबले नाहीत. हसू ओसरू दिलं आणि आवाज चढवला :

‘इहीर खना, पानी प्या, बसा घरोघरी,
सडकेबिगर कापूस वाहसान काय डोस्क्यावरी?
टोप्या फिरल्या, माना फिरल्या, फिरली दुनिया सारी,
पडलो तरी सांगून राह्यलो, सडकच खरी!
हर बोला, हर हर महादेव!’

काय छाती म्हणावी या माणसाची! गाव आपल्याला हसतंय, माणसं सोडून गेली आहेत, जन्माचा मान पणाला लागलाय, आणि हा सांगतोय काय, तर सडकच खरी. दोन शब्द विहिरीच्या बाजूनं बोलला असता तर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. पोळा त्याचा झाला असता. पण नाही. जे मत त्याला पाडून गेलं तेच मत घेऊन तो पुन्हा उभा राहिला. मला ते मत तेव्हाही पटलं नव्हतं. आजही पटत नाही. विहीर झाली पुढच्या उन्हाळ्यात, गोड पाणी लागलं, आणि आमच्या बायका नदीवर जायच्या थांबल्या. आम्हीच बरोबर होतो. पण माणूस म्हणून तो आमच्या ओट्यावरच्या सगळ्या गर्दीपेक्षा मोठा होता, आणि हे मला तिथं, कासरा हातात धरून, लख्ख दिसलं.

हे सगळं ठीक. पण माझी झडती? माझं डोकं कोरं! मी तयार करून आणलेल्या ओळी सगळ्या त्यांच्या पराभवावर होत्या, आणि तो पराभव त्यांनी स्वतःच इतका रंगवून सांगितला होता की माझ्या ओळींना काही वासच उरला नव्हता. डफडेवाल्यानं काडी वर धरली. रावसाहेब भुवया उंचावून थांबले. मागून कारभारी माझ्या कानाशी लागले, ‘म्हन ना बे, म्हन, त्याच्या बायकोवर म्हन!’

अस्सा संताप आला मला! आणि त्या संतापातच ओळी सुटल्या. मी तोरणाकडे नाही, मागं वळलो, आमच्याच टोप्यांकडे तोंड करून :

‘रावसायेब पडले पन जाग्यावरच पडले,
बाकीचे तं पडाच्या आंधीच आमच्याकडे दडले!
काल त्याईच्या पंगतीत, आज आमच्या ताटात,
टोपी बदलली कारभारी, डोस्कं कोनाच्या गाठोड्यात?’

कारभारी दोन पावलं मागं सरले ते थेट एका बैलाच्या शेपटीवर. त्या बैलानं त्यांना अशी काही शेपूट हाणली की टोपी शेणात. गावाला हसायला आणखी काय हवं? मी पुन्हा रावसाहेबांकडे फिरलो. आता माझा आवाज मला आवरत नव्हता :

‘रावसायबाले पाडलं आमी, अजून पाडू दहा वेळा,
पन असा गडी पडल्याबिगर रंगत नाही पोळा!
हर बोला, हर हर महादेव!’

‘महादेव’ इतक्या जोरात आला की बैल बिथरले, तोरणाची पानं हलली. दोन्हीकडची माणसं ओरडत होती, म्हणजे एकच बाजू झाली होती. गुरुजींनी माझा दंड धरला. ते रागावले होते. ‘अरे, आपला विरोधक आहे तो. सरकारचा माणूस. त्याचं कौतुक तू भर पोळ्यात करतोस?’

‘मंग का खोटं बोलू, गुरुजी?’ मी म्हणालो. ‘पाडला ना त्याले? पुन्हा पाडीन. पन छाती हाय तं हाय म्हनाव लागन.’

‘लोक काय समजतील?’

‘लोक हसून राह्यले, गुरुजी. लोकायले समजलं.’

समोर रावसाहेबांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. थांबले. पुन्हा उघडलं. मग त्यांनी मान हलवली आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘हरलो बे! सरलं उत्तर.’

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आपली जोडी मागं घेतली. त्या म्हाताऱ्या बैलांना ते कळेना, ते सवयीनं पुढंच ओढत होते. रावसाहेब त्यांच्या शिंगांना धरून, ‘मागं, राजा, मागं,’ करत चिखलात पाय रोवून त्यांना रेटत होते. कुणी गडी मदतीला धावला तर त्याला त्यांनी हटकलं. जोडी पूर्ण माझ्या जोडीच्या मागं आली, तेव्हा सोडली.

मग बायकोला म्हणाले, ‘चाल, ओवाळ. पहिली जोडी हे हाय.’

रावसाहेबीणबाई ताट घेऊन जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आणि राग दोन्ही. ‘ह्यानं तुमाले गावभर नाचवलं,’ त्या म्हणाल्या, ‘न मी ह्याच्या बैलायले ओवाळू?’

‘हाव. त्यानं तोंडावर नाचवलं. मागून नाही.’

बाई आल्या. तांबड्याच्या, पांढऱ्याच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास भरवला. मला टिळा लावताना बोट असं दाबलं की कपाळ दुखलं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. मग रावसाहेबांच्याही पडलो. गुरुजींसमोर, गावासमोर, त्या सगळ्या टोप्यांसमोर. मला कुणाची लाज वाटली नाही.

रावसाहेबांनी मला दंडाला धरून उभं केलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘एवढा पाया पडून राह्यला. मंग पुढच्या बारीले मत देतं का मले?’

माय माझ्याकडे पाहत होती, गुरुजी पाहत होते.

‘नाही,’ मी म्हणालो.

‘शाब्बास!’ रावसाहेब गरजले, आणि माझ्या तांबड्याच्या पाठीवर त्यांनीच थाप मारली. ‘मंग उभा काऊन बे? चाल, तोड तोरन!’

मी कासरा ओढला. डफडी कडाडली, माझी जोडी तोरण तोडून पलीकडे गेली, आणि मागून सगळा गाव एकाच तोरणातून आला.